फ्रेंच व्याकरण वाचणारा मुलगा : बुकर टी. वॉशिंग्टन यांचं आत्मचरित्र आणि आपली महाविद्यालयं

(देवणी येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज एका पुस्तकावर बोलायचं आहे. १९०१ साली अमेरिकेत निघालेलं 'अप फ्रॉम स्लेव्हरी'. गुलामीतून वर, असा त्याचा सरळ अर्थ. लेखक बुकर टी. वॉशिंग्टन. गुलाम म्हणून जन्मले, पुढं अलाबामा राज्यात टस्कीगी इथं काळ्या मुलामुलींसाठी संस्था काढली, आणि ती इतकी वाढली की आज ते विद्यापीठ आहे.

तुम्ही म्हणाल, देवणीत बसून अलाबामाच्या माणसाची चर्चा कशाला? तर हा माणूस आपल्याकडं आधीच आलेला आहे. पदवी होऊन आलेला आहे. महात्मा फुल्यांवरच्या पुस्तकांत आणि भाषणांत एक वाक्य हमखास असतं, की ११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' म्हटलं गेलं तेव्हा सयाजीराव महाराजांनी 'हिंदुस्थानचे बुकर टी. वॉशिंग्टन' ही पदवी सुचवली होती. आता जरा हिशेब करू. १८८८ साली वॉशिंग्टन बत्तीस वर्षांचे होते. टस्कीगीची शाळा सात वर्षांची होती. ज्या भाषणानं ते अमेरिकाभर गाजले ते १८९५ चं, आणि ज्या पुस्तकानं जगभर गेले ते १९०१ चं. १८८८ साली बडोद्यापर्यंत हे नाव पोचलं असेल, हे पटायला अवघड आहे. शिवाय जोतीरावांची मुलींची शाळा १८४८ ची. तेव्हा वॉशिंग्टन यांचा जन्मही व्हायचा होता. 'गुलामगिरी' १८७३ चं. त्या वर्षी वॉशिंग्टन सतरा वर्षांचे विद्यार्थी होते.

म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण, हे कळूनसुद्धा आपण उपमा उलटी देतो. आपल्या देवणी वळूला कुणी 'महाराष्ट्राचा ओंगोल' म्हटलं तर तुम्हाला चालेल का? वानेरा, बालंक्या, शेवरा ही आपली नावं आहेत, त्यांवरून आपण जनावर ओळखतो. माणसांच्या बाबतीत मात्र बाहेरचा शिक्का बसल्याशिवाय आपलं समाधान होत नाही.

पण मला नुसत्या तारखांचं भांडण करायचं नाही. ही उपमा दुसऱ्या कारणानं चुकीची आहे, आणि ते कारण तुमच्या-आमच्या पोरांच्या शिक्षणाशी येऊन भिडतं. त्यासाठी आधी पुस्तक बघू.

पुस्तकाची सुरुवातच हलवून टाकते. लेखकाला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही. व्हर्जिनियातल्या एका शेतावर जन्म, आई जेन ही मालकाची स्वयंपाकीण, बाप कुणीतरी गोरा, त्याचं नाव माहीत नाही. १८६५ साली यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियात मिठाच्या भट्ट्यांवर मजुरीला गेलं. तिथं सावत्र बापाच्या पिंपांवर १८ हा आकडा लिहिलेला असे. या पोरानं वाचलेली पहिली गोष्ट म्हणजे तो १८. अक्षर नाही, मजुरीचा आकडा.

शाळेत गेल्यावर आणखी एक पंचाईत. बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं, याला एकच, बुकर. मास्तर हजेरी घेत घेत जवळ येईपर्यंत त्यानं स्वतःच ठरवलं, आपलं आडनाव वॉशिंग्टन. ज्यांच्या घरात आडनावावरून पाण्याचं भांडं वेगळं होत आलं, त्यांना या प्रसंगाचं वजन वेगळं सांगायला नको.

पुढं १८७२ साली हा मुलगा हॅम्पटन इथल्या संस्थेत निघाला. सुमारे पाचशे मैल. काही रस्ता गाडीनं, बराचसा पायी. प्रवेश परीक्षा काय, तर बाईंनी सांगितलं, ती खोली झाडून काढ. त्यानं तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी रुमाल फिरवून बघितला आणि प्रवेश दिला. हा प्रसंग त्यांनी अभिमानानं लिहिला आहे. तो लक्षात ठेवा, आपल्याला त्याकडं परत यायचं आहे.

४ जुलै १८८१ रोजी टस्कीगीची शाळा सुरू झाली. विद्यार्थी तीस. सरकारकडून वर्षाला दोन हजार डॉलर, तेही फक्त शिक्षकांच्या पगाराला. जागा नाही, इमारत नाही. पडक्या खोपटात वर्ग भरे, पाऊस आला की एक विद्यार्थी मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. मग एका जुन्या मळ्याची शंभर एकर जमीन पाचशे डॉलरना घेतली. ज्या मळ्यावर गुलाम राबले, तिथं गुलामांची पोरं शिकायला आली. विटा पोरांनीच पाडल्या. पहिली भट्टी बिघडली, दुसरी बिघडली, तिसरीही गेली. चौथ्या भट्टीला पैसा उरला नाही तेव्हा वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकून पंधरा डॉलर आणले. चौथी भट्टी साधली. इतकी की गावातले गोरे लोक विटा विकत घ्यायला येऊ लागले.

पुस्तकाचा हा भाग अस्सल आहे. हातांनी उभ्या केलेल्या शाळेचं इतकं प्रत्ययकारी वर्णन फार थोड्या ठिकाणी मिळतं. ज्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये, देवळाच्या ओसरीवर शाळा भरवल्या, त्यांना हे परकं वाटणार नाही.

आता ज्या पानासाठी मी हे पुस्तक आज घेतलं, त्या पानावर येतो. शाळा सुरू करण्याआधी वॉशिंग्टन महिनाभर अलाबामाची खेडी फिरले. तिथं त्यांना एक तरुण दिसला. एका खोलीचं घर. अंगावर तेलकट डागांचे कपडे, भोवती घाण, अंगणात नि परसात तण माजलेलं. आणि हा गडी बसून फ्रेंच भाषेचं व्याकरण वाचतो आहे. वॉशिंग्टन म्हणतात, त्या सगळ्या फेरीत त्यांनी पाहिलेल्या अत्यंत दुःखद गोष्टींपैकी ही एक होती.

का दुःखद? त्यांच्या मते शिक्षण म्हणजे आधी दात घासणं, अंगण झाडणं, पीक काढणं, विटा पाडणं, सुतारकाम. फ्रेंच व्याकरण नंतर, कधीतरी. सगळ्या पुस्तकाचा युक्तिवाद या चित्रात आला आहे. आधी उपयोगी व्हा, मग मान मिळेल. मान मिळाला की हक्क आपोआप येतील.

आणि माझा आक्षेप नेमका इथं आहे. त्या पानावर वॉशिंग्टन यांनी त्या मुलाचं घर पाहिलं, कपडे पाहिले, अंगण पाहिलं. त्याच्याशी बोलल्याचं मात्र लिहिलेलं नाही. पुस्तक कुठून आणलंस, काय कळलं, काय अडतंय, पुढं काय करायचं आहे? एकही प्रश्न नाही. एरवी हा लेखक माणसाच्या बारक्यासारक्या गोष्टी टिपतो. मग इथं तो मुका का झाला?

कारण हे पुस्तक ज्या कानांसाठी लिहिलं, त्यांना तो मुलगा हसण्याचा विषय होता. आधी ते एका साप्ताहिकात क्रमशः आलं. वाचक कोण? उत्तरेतले सुखवस्तू गोरे, ज्यांच्या देणग्यांवर शाळा चालायची. पुस्तकातली प्रकरणंच्या प्रकरणं देणगी कशी मागावी यावर आहेत. कार्नेगींनी ग्रंथालयासाठी वीस हजार डॉलर दिले, त्याची हकिगत आहे. देणगीदार समोर बसलेला आहे असं समजून हे पुस्तक वाचा, मग त्याचा गोडवा कुठून आला ते कळतं. मालकांबद्दल कडवटपणा नाही. गुलामीच्या शाळेतून गेलेले अमेरिकेतले काळे लोक जगातल्या इतर काळ्यांपेक्षा पुढं आहेत, असं म्हणण्यापर्यंत मजल जाते. माणसं झाडाला टांगून मारली जात होती तो हा काळ; त्याबद्दल पुस्तकाचा आवाज फार हळू आहे.

एक गोष्ट बघा. टस्कीगीची शाळा मिळाली कशी? त्या गावात ल्युईस ॲडम्स नावाचे पत्र्याचं काम करणारे कारागीर होते, तेही पूर्वीचे गुलाम. निवडणुकीला उभ्या असलेल्या गोऱ्या उमेदवारानं त्यांच्याकडं काळ्यांची मतं मागितली. ॲडम्स म्हणाले, मतं देतो, आम्हाला शाळा दे. इतिहासकार सांगतात, त्या सौद्यातून विधिमंडळानं ते दोन हजार डॉलर मंजूर केले. म्हणजे शाळेचा पाया मताधिकारात होता. आणि त्याच शाळेचे प्रमुख १८९५ साली अटलांटाच्या सभेत सांगत होते की राजकारणाची घाई नको, सामाजिक बाबतीत आपण हाताच्या बोटांसारखे वेगळे राहू. ज्या वर्षी पुस्तक आलं, त्याच १९०१ साली अलाबामानं नवी राज्यघटना करून काळ्यांचं मत जवळजवळ पुसून टाकलं. उपयोगी झाल्यावर हक्क आपोआप येतील, या हिशेबाला पहिलं उत्तर त्यांच्याच राज्यानं दिलं.

आता न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वॉशिंग्टन भित्रे नव्हते. मताधिकार हिरावण्याविरुद्ध जे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यांना त्यांनी गुपचूप पैसा पुरवला. १९०३ चा जाइल्स खटला त्यांतलाच. हे त्यांच्या मृत्यूनंतर, कागदपत्रं उघडल्यावर जगाला नीट कळलं. म्हणजे दोन वॉशिंग्टन होते. एक पुस्तकातला हसतमुख, एक रात्री वकिलाला पैसे पाठवणारा. माणूस पुस्तकापेक्षा मोठा होता. पण आपल्याकडं पदवी म्हणून आला तो पुस्तकातला. 'आपल्या पायावर उभे राहा, तक्रार करू नका' असं सांगणारा. हा वॉशिंग्टन सगळ्यांनाच सोयीचा असतो.

त्यांच्यावर पहिली मोठी टीका डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०३ साली केली. त्यांनीही फ्रेंच व्याकरणाच्या त्या मुलावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की हाताचं शिक्षण द्या, पण मत, समान नागरिकत्व आणि हुशार मुलांना उच्च शिक्षण, या तीन गोष्टी त्याच्या बदल्यात सोडू नका. अहो, टस्कीगीला शिक्षक लागत होते, ते तरी उच्च शिक्षण घेतलेलेच लागत होते की!

आता आपल्याकडं या. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामी संपवायला झीज सोसली. पण अर्पण करताना हात पसरला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं. त्यात शेतीचं प्राथमिक ज्ञान शिकवा अशी मागणी आहे. म्हणजे हाताच्या कामाला त्यांचा विरोध नव्हता. पण त्याच निवेदनात सरकारला सुनावलंही आहे की शेतकऱ्याच्या घामाच्या महसुलातून वरच्या वर्गाचं शिक्षण चाललं आहे, खालच्यांचं काय? देणगी नव्हे, आमचाच पैसा आम्हाला द्या. ही भाषा वॉशिंग्टन यांच्या पुस्तकात सापडणार नाही.

आणि याचा परिणाम कुठं दिसतो? विद्यार्थ्यांत. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीनं चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईतले अत्याचार, धर्माच्या नावानं चाललेला दुजाभाव, सगळं तिनं बेधडक विचारलं. तिला कुणी आधी खोली झाडायला लावून तिची लायकी ठरवली नव्हती. शाळा मोजायची झाली तर इमारतीबरोबर हेही बघावं लागतं, की तिथली पोरगी काय लिहू शकते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनाही हीच उपमा देतात. 'कमवा आणि शिका' दिसतं ना टस्कीगीसारखं! पण भेद बघा. रयतच्या वसतिगृहातला पोरगा खडी फोडायचा ती शिकण्यासाठी. खडी फोडणं हेच त्याचं शिक्षण, असं अण्णांनी ठरवलं नाही. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चं, तिथं त्यानं पदवीच घ्यायची होती. आणि बोलण्याची किंमत अण्णांनी मोजली. सरकारवर टीका केली म्हणून १९४८ साली रयतचं अनुदान थांबलं. लोकांनी संस्था धरून ठेवली, अनुदान नंतर सुरू झालं.

आता मराठवाडा. तुमचा हा भाग तेव्हा उदगीर तालुक्यात, आणि उदगीर बीदर जिल्ह्यात. राज्य निजामाचं, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि पदवीपर्यंत शिकायचं तर बहुतेकांना हैदराबाद गाठावं लागे. ज्याच्या बापाला गावात पाण्याचा हक्क नाही, तो हैदराबादला कसा जाणार? १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि १९५० च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढं त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं, परिसर नागसेनवन.

नावाकडं लक्ष द्या. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा भिक्खू. राजा प्रश्न विचारतो, भिक्खू उत्तर देतो. वाद चालतो तो पंडितांसारखा, हुकमानं नव्हे. ज्या पोरांच्या बापजाद्यांना प्रश्न विचारायची मुभा नव्हती, त्यांच्या महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव.

बाबासाहेबांना ते फ्रेंच व्याकरणाचं पान आठवलं असेल का, सांगता येत नाही. पण ते स्वतः तो मुलगा होते. परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास केलेला. त्यांना संस्कृत शिकायचं होतं, जातीमुळं शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. वॉशिंग्टन १४ नोव्हेंबर १९१५ ला वारले तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकत होते. आणि १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढं नेण्याबाबत त्यांनी पत्र लिहिलं ते द्यू बॉइस यांना.

तरी बाबासाहेबांना हाताचं शिक्षण नको होतं असं समजू नका. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉयना निवेदन दिलं. त्यात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमची पोरं शिकाऊ म्हणून घ्या, अशी मागणी आहे. त्याच कागदात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या अगदी वरच्या शिक्षणासाठी, परदेशी जाण्यासाठी शिष्यवृत्त्याही मागितल्या आहेत. म्हणजे त्यांच्या लेखी भांडण हात विरुद्ध पुस्तक असं नव्हतंच. कारखान्याचं दार उघडा आणि प्रयोगशाळेचंही उघडा. कोणत्या दारातून जायचं ते आमचा मुलगा ठरवेल. दुसऱ्यानं त्याच्यासाठी पायरी आखून द्यायची नाही.

याचं फळ? प्राचार्य म. भि. चिटणीसांनी तिथं 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. मिलिंदमध्ये शिकवणारे गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' काढू लागले, आणि दलित साहित्याच्या एका पिढीला लिहायला कागद मिळाला. मराठवाड्याच्या खेड्यांतली, पायात चप्पल नसलेली पोरं तिथं राहिली, कविता लिहू लागली, आणि पुढं नामांतराच्या लढ्यात उतरली. १९७८ च्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं गेलं, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना माहीत आहे. १९९४ साली औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं आणि त्याच वर्षी आपलं नांदेडचं विद्यापीठ निघालं. देवणीच्या पोराच्या गुणपत्रिकेवर आज जो शिक्का असतो, त्याच्या मागं हाही इतिहास आहे.

टस्कीगीवर अन्याय नको म्हणून एक सांगतो. त्या संस्थेनंही शेवटी आपला टीकाकार जन्माला घातला. राल्फ एलिसन १९३३ ते ३६ तिथं शिकले. टस्कीगीत वॉशिंग्टन यांचा पुतळा आहे, ते एका गुलामाच्या डोक्यावरून अज्ञानाचं आवरण काढताहेत. एलिसन यांच्या १९५२ च्या 'इनव्हिजिबल मॅन' कादंबरीत तसाच पुतळा येतो, आणि नायकाला कळेनासं होतं की हे आवरण काढलं जातंय की आणखी घट्ट बसवलं जातंय. ज्या शाळेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडतो, ती शाळा वाया गेली असं मी म्हणणार नाही.

तोच प्रश्न आज आपल्या दारात आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात व्यवसाय शिक्षणावर भर आहे. 'बीए करून काय उपयोग, कौशल्य शिका', हे गावोगाव ऐकू येतं. आयटीआय शिकलेल्या पोराला मी कमी लेखत नाही. फिटर, वायरमन यांच्यावाचून गाव चालत नाही. पण मला बघायचं आहे की हा सल्ला कुणाच्या पोराला दिला जातो. ज्यांची मुलं लातूरला शिकवणी लावून डॉक्टर व्हायला निघाली, त्यांना कुणी कौशल्याचा उपदेश करत नाही. तो उपदेश सालगड्याच्या आणि ऊसतोड मजुराच्या मुलाला होतो. आणि उपदेश करणारा मनापासून बोलत असतो, वॉशिंग्टनही मनापासूनच बोलत होते. म्हणून तर सावध राहायचं.

हे पुस्तक जरूर वाचा. चौथ्या भट्टीच्या पानावर तुमचा ऊर भरून येईल, माझा दर वेळी येतो. पण फ्रेंच व्याकरणाच्या पानावर थोडं थांबा. असा पोरगा आपल्या गावातही असेल, समाजमंदिरात नाही तर पाराजवळच्या दिव्याखाली बसून, आपल्याला ज्याचा उपयोग कळत नाही असं काहीतरी वाचत असेल. त्याच्या कपड्यांकडं बघून कीव करू नका. जवळ जा, आणि वॉशिंग्टन यांच्या पानावर जे नाही ते विचारा : काय वाचतोस बाबा, आणि पुढचं पुस्तक कुठनं आणायचं?